अन्य व्याधींवरील औषधे आणि अन्ननलिकेचा कर्करोग : एका वैद्यकीय प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

अन्ननलिकेचा कर्करोग हा प्रामुख्याने उतारवयातील रोग आहे. त्याचे निदान होते त्या वेळी रुग्णाच्या घरी औषधांचा एक डबा बहुधा आधीपासूनच असतो. त्यात रक्तदाबाची गोळी असते, मधुमेहाची असते, कोलेस्टेरॉलची, हृदयविकाराची, सांधेदुखीची किंवा आम्लपित्ताची असते. यांपैकी एकही औषध कर्करोगासाठी दिलेले नसते. तथापि ही औषधे वर्षानुवर्षे शरीरात जात असतात आणि त्यांतील प्रत्येक गोळी अन्ननलिकेतूनच खाली उतरत असते. साहजिकच दोन प्रश्न उपस्थित होतात. या औषधांमुळे अन्ननलिकेचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते की घटते ? आणि कर्करोग झाल्यानंतर ही औषधे चालू असल्यास रुग्णाच्या आयुर्मानात काही फरक पडतो काय ?

हे प्रश्न वरकरणी औषधशास्त्राचे वाटतात. परंतु गेल्या सुमारे चाळीस वर्षांत त्यांची उत्तरे ज्या रीतीने शोधली गेली, बदलली गेली आणि काही वेळा मागे घेतली गेली, तो विज्ञानाच्या इतिहासाचा विषय आहे. एखादे औषध घेणारी माणसे आणि ते न घेणारी माणसे ही मुळातच भिन्न असतात. त्यामुळे दोन गटांत दिसणारा फरक औषधाचा आहे की औषध घेणाऱ्या माणसांचा, हे ठरविणे हाच या इतिहासाचा गाभा आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) अन्य व्याधींवरील औषधे व अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या संबंधाविषयीच्या प्रमुख अभ्यासांचा कालक्रमाने आढावा घेणे.
२) एकाच प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे का मिळाली, त्याची कारणमीमांसा करणे.
३) या ज्ञानाची भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील, संदर्भात उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

१. एक अवयव, दोन रोग

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. नलिकेच्या मूळ अस्तरातील चपट्या पेशींपासून होणारा तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, आणि ग्रंथियुक्त पेशींपासून होणारा तो ॲडिनोकार्सिनोमा. पहिल्याचा संबंध तंबाखू व मद्य यांच्याशी, तर दुसऱ्याचा जठरातील आम्ल वारंवार वर येण्याशी व लठ्ठपणाशी आहे. जागतिक पातळीवर पहिला प्रकार अधिक आढळतो. भारत व चीनमध्ये त्याचेच प्राबल्य आहे. दुसरा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत झपाट्याने वाढला. अमेरिकेतील ही वाढ १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ठळकपणे नजरेस आणली.

दुसऱ्या प्रकाराच्या पूर्वावस्थेचे आकलनही वादातूनच झाले. लंडनचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी १९५० मध्ये छातीतील ग्रंथियुक्त अस्तराच्या नलिकेचे वर्णन केले. परंतु ती अन्ननलिका नसून वर ओढले गेलेले जठर होय, असे त्यांचे मत होते. फिलिप ॲलिसन व ॲलन जॉन्स्टन यांनी १९५३ मध्ये ती अन्ननलिकाच असल्याचे दाखविले. बॅरेट यांनी १९५७ मध्ये ते मान्य केले. पुढे ही अवस्था 'बॅरेट अन्ननलिका' या नावाने रूढ झाली. १९९९ मध्ये स्वीडनमधील येस्पर लागरग्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आम्ल वर येण्याचा त्रास वारंवार असणाऱ्यांत ॲडिनोकार्सिनोमाची जोखीम ७.७ पट असल्याचे, तर हा त्रास तीव्र व दीर्घकालीन असल्यास ती ४३.५ पट असल्याचे दाखवून दिले.

हा भेद आरंभीच स्पष्ट करण्याचे कारण असे की, एका प्रकाराविषयीचा निष्कर्ष दुसऱ्या प्रकाराला आपोआप लागू पडत नाही. पुढील विवेचनात ही बाब वारंवार प्रत्ययास येईल.

२. सिमेटिडीन : आधी औषध की आधी रोग ?

जठरातील आम्ल कमी करणारे सिमेटिडीन हे औषध १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले. त्याचे जनक जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अल्पावधीत लाखो लोक हे औषध घेऊ लागले. त्याच्या सुरक्षिततेविषयी शंका उपस्थित झाल्यामुळे ब्रिटनमध्ये सुमारे १० हजार रुग्णांचा तुलनात्मक पाठपुरावा सुरू झाला व त्याचा पहिला मृत्युविषयक अहवाल १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या गटात पहिल्या वर्षी मृत्यूंचे प्रमाण अधिक दिसले. त्यांत पचनमार्गाच्या कर्करोगांचाही समावेश होता.

वरवर पाहता हा औषधावरील आरोपच होता. परंतु प्रत्येक प्रकरणाची छाननी केली असता, अनेक रुग्णांना औषध सुरू होण्यापूर्वीच मूळ रोग जडलेला होता, असे दिसून आले. पोटातील जळजळ किंवा दुखणे हे अद्याप न ओळखलेल्या कर्करोगाचे आरंभीचे लक्षण होते आणि त्या लक्षणासाठीच सिमेटिडीन देण्यात आले होते. औषधाने रोग आणला नव्हता. रोगाने औषध आणले होते. राल्फ हॉर्विट्झ व आल्व्हन फाइनस्टाइन या अमेरिकन संशोधकांनी १९८० मध्येच अशा दोषाची स्वतंत्र मांडणी केली होती. मराठीत त्यास 'पूर्वलक्षणजन्य अभिनती' असे म्हणता येईल. निदानापूर्वीच्या काही महिन्यांत सुरू झालेली औषधे हिशेबातून वगळण्याची जी प्रथा पुढे संशोधनात रूढ झाली, तिचे मूळ अशा अनुभवांत आहे.

३. झडप सैल करणारी औषधे

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेले स्नायूंचे वलय झडपेचे काम करते. हृदयशूळावरील नायट्रोग्लिसरीन, दम्यावरील ॲमिनोफिलीन व श्वासनलिका रुंदावणारी अन्य औषधे, काही शामक औषधे यांमुळे हे वलय सैल पडते व आम्ल वर येण्यास वाव मिळतो. तेव्हा ही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत ॲडिनोकार्सिनोमा अधिक आढळेल काय, असा प्रश्न लागरग्रेन यांच्याच गटाने विचारला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशी औषधे पाच वर्षांहून अधिक काळ रोज घेणाऱ्यांत जोखीम ३.८ पट आढळली.

तथापि या अभ्यासातील दुसरे निरीक्षण अधिक उद्बोधक आहे. आम्ल वर येण्याच्या त्रासाचा हिशेब विश्लेषणात समाविष्ट करताच हा संबंध जवळपास नाहीसा झाला. याचा एक अर्थ असा की, औषधाचा परिणाम असलाच तर तो आम्ल वर येण्याच्या मार्गानेच होतो. परंतु दुसरा अर्थही संभवतो. आम्ल वर येण्यामुळे दम्याचा त्रास बळावतो, तसेच छातीतील जळजळीचे निदान हृदयशूळ असेही होऊ शकते. तसे झाल्यास रुग्णाला औषध आधीच्या आम्लविकारामुळेच मिळाले, असे म्हणावे लागेल. संख्या तीच असते. तिचा अर्थ मात्र कार्यकारणाची साखळी कोणत्या दिशेने जोडली यावर अवलंबून राहतो.

४. ॲस्पिरिन : आशेची तीन दशके

ॲस्पिरिनचा इतिहास १८९७ मध्ये बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरू झाला आणि १८९९ मध्ये ते नाव बाजारात आले. ते कसे कार्य करते, हे मात्र १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी प्रॉस्टाग्लॅन्डिनच्या निर्मितीशी त्याचा संबंध दाखविल्यावर समजले. दाह निर्माण करणारी हीच द्रव्ये पेशींच्या अनियंत्रित वाढीलाही साहाय्य करीत असावीत, या तर्काने ॲस्पिरिन कर्करोगाच्या चर्चेत आले.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९८८ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासंबंधी पहिला महत्त्वाचा पुरावा प्रसिद्ध झाला. त्यानंतर अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या १९८२ मध्ये सुरू झालेल्या विशाल पाहणीतील सामग्रीच्या आधारे मायकेल थन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ६ लाख ३५ हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या. महिन्यातून सोळा वा अधिक वेळा ॲस्पिरिन घेणाऱ्यांत अन्ननलिका, जठर व मोठे आतडे यांच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. २००३ मध्ये डग्लस कॉर्ली व सहकाऱ्यांनी नऊ अभ्यासांतील १८१३ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हाही ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामक घेणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाची शक्यता जवळपास निम्म्याने कमी दिसली.

हे सर्व निरीक्षणात्मक अभ्यास होते. यांत कोणी ॲस्पिरिन घ्यावे, हे संशोधकाने ठरविलेले नव्हते. ज्याला गिळताना त्रास होतो किंवा पोटात जळजळते, तो मनुष्य ॲस्पिरिन आपणहून टाळतो. आणि त्यालाच पुढे अन्ननलिकेचा कर्करोग होण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी ॲस्पिरिन न घेणाऱ्यांच्या गटात रोगी माणसे आपोआप साठतात व औषध गुणकारी भासू लागते. सिमेटिडीनच्या बाबतीत जी अभिनती औषधाच्या विरोधात गेली होती, तीच येथे औषधाच्या बाजूने उभी राहिली.

यावर उपाय म्हणजे यादृच्छिक चाचणी. तिच्यात औषध कोणाला मिळावे हे रुग्ण किंवा डॉक्टर ठरवीत नाहीत, तर दैव ठरविते. त्यामुळे दोन्ही गट सारखे राहतात. पीटर रॉथवेल यांनी २०११ मध्ये हृदयविकारासाठी पूर्वी झालेल्या ॲस्पिरिनच्या आठ यादृच्छिक चाचण्यांतील २५,५७० व्यक्तींच्या नोंदी कर्करोगाच्या दृष्टीने पुन्हा तपासल्या. कर्करोगाने झालेले मृत्यू ॲस्पिरिन गटात कमी होते. अन्ननलिकेच्या बाबतीत हा लाभ सुमारे पाच वर्षांनंतर दिसू लागला आणि तो ॲडिनोकार्सिनोमापुरताच मर्यादित होता.

दरम्यान त्याच कुळातील नव्या औषधांनी निराशा केली. बॅरेट अन्ननलिकेत पेशींचे विकृत बदल झालेल्या १०० रुग्णांवरील सेलेकॉक्सिबच्या चाचणीत ४८ आठवड्यांनंतर कोणताही लाभ आढळला नाही. हा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच, २००४ मध्ये, रोफेकॉक्सिब हे याच वर्गातील औषध हृदयावरील दुष्परिणामांमुळे जगभरातून मागे घेण्यात आले होते.

५. एकच नोंदवही, दोन उत्तरे

हाडे ठिसूळ होण्यावर दिल्या जाणाऱ्या बायफॉस्फोनेट औषधांचे प्रकरण या इतिहासात विशेष चिंतनीय आहे. या वर्गातील ॲलेन्ड्रोनेट १९९५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. गोळी अन्ननलिकेत अडकल्यास अस्तराला जखम होते, हे लवकरच ध्यानात आले. म्हणूनच ती पेलाभर पाण्यासोबत घ्यावी व त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये, अशी सूचना दिली जाते. जानेवारी २००९ मध्ये अमेरिकन औषध प्रशासनातील एका अधिकाऱ्याने एका वैद्यकीय नियतकालिकास पत्र लिहून, हे औषध घेणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाची अमेरिकेत २३ व युरोप-जपानमध्ये ३१ प्रकरणे नोंदली गेल्याचे कळविले. किती जणांनी औषध घेतले त्यांपैकी ही प्रकरणे, हे ज्ञात नसल्यामुळे या आकड्यांवरून जोखीम ठरविता येत नव्हती. परंतु प्रश्न उभा राहिला होता.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी दोन गट पुढे आले आणि दोहोंनी एकाच सामग्रीचा आधार घेतला. ब्रिटनमधील कौटुंबिक डॉक्टरांच्या दवाखान्यांतील संगणकीय नोंदींचा संग्रह १९८७ पासून साठत आला होता. ऑगस्ट २०१० मध्ये बेलफास्टच्या ख्रिस कार्डवेल व सहकाऱ्यांनी बायफॉस्फोनेट घेणाऱ्या ४१,८२६ व्यक्तींची तितक्याच न घेणाऱ्यांशी तुलना केली. पहिल्या गटात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे ७९, तर दुसऱ्यात ७२ रुग्ण आढळले. संबंध नाही, असा निष्कर्ष निघाला. लगेच पुढच्या महिन्यात ऑक्सफर्डच्या जेन ग्रीन व सहकाऱ्यांनी त्याच संग्रहातील अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या २९५४ रुग्णांपासून आरंभ करून त्यांच्या मागील औषधचिठ्ठ्या तपासल्या. दहा वा अधिक चिठ्ठ्या असणाऱ्यांत जोखीम जवळपास दुप्पट आढळली.

दोन्ही गट नामवंत होते, दोन्ही नियतकालिके प्रतिष्ठित होती आणि नोंदवही एकच होती. मग उत्तरे वेगळी का आली ? पहिला अभ्यास औषधापासून रोगाकडे, तर दुसरा रोगापासून औषधाकडे गेला होता. पहिल्यात सरासरी पाठपुरावा सुमारे साडेचार वर्षांचा होता. दुसऱ्यात निरीक्षणाचा काल अधिक दीर्घ होता व रुग्णसंख्याही कितीतरी अधिक होती. वयाची कक्षा, तुलनेच्या व्यक्तींची निवड, कोणता काल वगळायचा याचे नियम, हे सर्व भिन्न होते. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे समर्थनीय होता. परंतु सर्व निर्णय मिळून उत्तर बदलत होते. २०११ मध्ये अमेरिकन औषध प्रशासनाने उपलब्ध पुरावा परस्परविरोधी असल्याचे नमूद करून निश्चित निष्कर्ष काढण्याचे टाळले. २०१३ मध्ये ब्रिटनमधीलच अधिक व्यापक नोंदींच्या अभ्यासात जोखीम वाढल्याचे आढळले नाही.

येथे प्रमाणाचे भान ठेवणेही आवश्यक आहे. ऑक्सफर्ड अभ्यासाचा निष्कर्ष पूर्णतः खरा मानला, तरी साठ ते एकोणऐंशी वयोगटात पाच वर्षांतील जोखीम हजारी एकावरून हजारी दोनवर जात होती. दुसऱ्या बाजूला खुब्याचे हाड मोडणे ही या वयातील स्त्रियांसाठी कितीतरी अधिक संभवनीय व अनेकदा प्राणघातक आपत्ती असते. 'जोखीम दुप्पट' हे वाक्य खरे असूनही रुग्णाची दिशाभूल करू शकते.

६. निदानानंतरचे आयुष्य आणि 'अमर काल'

दुसरा प्रश्न निदानानंतरच्या आयुर्मानाचा. येथे एक वेगळाच दोष संभवतो व त्याचा इतिहास बराच जुना आहे. ब्रिटिश सांख्यिक विल्यम फार यांनी १८४३ मध्येच असे दाखविले होते की, सेनापती, बिशप व न्यायाधीश यांचे सरासरी आयुष्य कनिष्ठ अधिकारी, नवे पाद्री व तरुण वकील यांच्यापेक्षा अधिक भरते, म्हणून त्या पदांना आयुष्यवर्धक मानणे चुकीचे ठरेल. कारण त्या पदापर्यंत पोचण्यासाठी मुळात दीर्घकाळ जगावे लागते. १९६७ मध्ये हृदयारोपणाचा आरंभ झाल्यावर, आरोपण झालेले रुग्ण अधिक जगतात असे सांगितले गेले. तेव्हा मिचेल गेल यांनी १९७२ मध्ये हाच आक्षेप घेतला. हृदय मिळण्याची वाट पाहत असताना जे मरण पावले, ते सर्व न-आरोपित गटात मोजले गेले होते. आरोपण झालेल्यांचा प्रतीक्षाकाल हा जणू अमर काल होता. त्या काळात त्यांचा मृत्यू संभवतच नव्हता.

अन्ननलिकेच्या कर्करोगाला हा दोष विशेषत्वाने लागू पडतो, कारण या रोगात निदानानंतरचे आयुष्य अनेकदा काही महिन्यांचेच असते. निदानानंतर तीन महिन्यांत मरण पावलेल्या रुग्णाला कोलेस्टेरॉलच्या गोळीची पुढची चिठ्ठी घेण्याची संधीच मिळत नाही. जो ती घेतो, तो तोवर जगलेला असतो.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचा उगम जपानमधील आकिरा एंदो यांच्या १९७० च्या दशकातील बुरशीवरील संशोधनात आहे. १९८७ मध्ये त्यांतील लोव्हास्टॅटिन अमेरिकेत मान्य झाले. २०१६ मध्ये ब्रिटनमधील ४४४५ रुग्णांच्या अभ्यासात निदानानंतर स्टॅटिन घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १४.९ महिने, तर न घेणाऱ्यांचे ८.१ महिने आढळले. संशोधकांनी अमर कालाचा दोष टाळण्यासाठी औषधाची गणना चिठ्ठी मिळाल्याच्या दिवसापासूनच केली होती, ही बाब प्रशंसनीय होय. लाभ ॲडिनोकार्सिनोमात दिसला. स्क्वॅमस प्रकारात तसा पुरावा मिळाला नाही. तरीही एक शंका उरतेच. रुग्णाचा अंतकाल जवळ आला की डॉक्टर प्रथम ज्या गोळ्या बंद करतात, त्यांत कोलेस्टेरॉलची गोळी असते. म्हणजे स्टॅटिन चालू असणे हे प्रकृती अद्याप बरी असल्याचे लक्षणही असू शकते. या शंकेचे निरसन केवळ यादृच्छिक चाचणीनेच होऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर सिमवास्टॅटिन देण्याची अशी एक प्राथमिक चाचणी ब्रिटनमध्ये झाली, परंतु ती ३२ रुग्णांपुरतीच, व्यवहार्यता तपासण्यासाठी होती.

मधुमेहावरील मेटफॉर्मिनची कथा याहून बोधप्रद आहे. १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी हे औषध रुग्णांसाठी वापरात आणले. २००५ मध्ये स्कॉटलंडमधील एका अभ्यासाने मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत कर्करोग कमी आढळत असल्याचे सुचविले आणि अशा अभ्यासांचा पूर आला. अन्ननलिकेच्या कर्करोगातही उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद मिळाल्याचे २०१३ मध्ये एका अमेरिकन रुग्णालयाच्या नोंदींवरून सांगितले गेले. नेदरलँड्समधील २०१५ च्या एका अभ्यासात मात्र तसा लाभ दिसला नाही. सामी सुइसा व लॉरां अझुले यांनी २०१२ मध्येच दाखवून दिले होते की, मेटफॉर्मिनचे अतिशय मोठे लाभ सांगणाऱ्या अभ्यासांत कालगणनेचे दोष होते व ते टाळलेल्या अभ्यासांत लाभ दिसत नव्हता. बॅरेट अन्ननलिकेच्या ७४ रुग्णांवरील २०१५ च्या यादृच्छिक चाचणीतही मेटफॉर्मिनचा अपेक्षित जैविक परिणाम आढळला नाही.

ॲस्पिरिनच्या बाबतीतही निदानानंतरचे चित्र आशादायक राहिले नाही. २०१८ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड येथील दोन स्वतंत्र रुग्णसमूहांत, कालगणनेचे दोष टाळून केलेल्या अभ्यासात, अल्पमात्रेतील ॲस्पिरिनमुळे अन्ननलिका वा जठराच्या कर्करोगातील आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही.

७. सन २०१८ : चाचणीचा कौल

या सर्व वादांच्या पार्श्वभूमीवर २००५ ते २००९ या काळात ब्रिटनमधील ८४ व कॅनडातील एका केंद्रात बॅरेट अन्ननलिकेच्या २५५७ रुग्णांची यादृच्छिक चाचणीसाठी नोंदणी झाली. 'ॲस्पेक्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचे नेतृत्व जानुश यांकोव्स्की यांनी केले. आम्लरोधक इसोमेप्राझोलची मोठी वा लहान मात्रा, आणि तिच्यासोबत ॲस्पिरिन देणे वा न देणे, असे चार गट होते. मध्यक पाठपुरावा ८.९ वर्षांचा होता. मृत्यू, ॲडिनोकार्सिनोमा किंवा पेशींचे तीव्र विकृत बदल यांपैकी काहीही घडेपर्यंतचा काल मोजण्यात आला.

२०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आम्लरोधकाची मोठी मात्रा लहान मात्रेपेक्षा सरस ठरली; घटना घडेपर्यंतचा काल सुमारे सव्वापट झाला. एकट्या ॲस्पिरिनचा लाभ सांख्यिकीय कसोटीला किंचित उणा पडला. दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्या गटाची स्थिती सर्वांत चांगली होती. तथापि संयुक्त निकषातील फरकात एकूण मृत्यूंचा वाटा मोठा असल्याने, 'ही औषधे कर्करोग टाळतात' असे सरळ विधान या निकालावरून करता येत नाही.

त्याच वर्षी स्वीडनमधील सुमारे ८ लाख आम्लरोधक घेणाऱ्यांच्या नोंदींवरून, त्यांच्यात अन्ननलिकेच्या ॲडिनोकार्सिनोमाचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा जवळपास चौपट असल्याचे प्रसिद्ध झाले. एका अभ्यासात औषध तारक, दुसऱ्यात मारक. परंतु सर्वसामान्य माणसाला आम्लाचा तितका त्रास नसतो. ज्याला तो असतो, त्यालाच हे औषध दिले जाते. चाचणीत मात्र दोन्ही गटांतील सर्वांना बॅरेट अन्ननलिका होती. तुलना कोणाशी केली, यातच या विसंगतीचे बरेचसे स्पष्टीकरण सामावलेले आहे.

त्याच वर्षीच्या आणखी एका निकालाने सावधगिरीचा इशारा दिला. ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील १९,११४ निरोगी वृद्धांवरील 'ॲस्प्री' चाचणीत रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत कर्करोगाने मृत्यूचे प्रमाण ३.१ टक्के, तर न घेणाऱ्यांत २.३ टक्के आढळले. ज्या औषधाविषयी तीन दशके आशा बाळगली गेली, त्याच्याच बाबतीत वृद्धांमध्ये उलट दिशेचा कौल मिळाला. रक्तस्रावाची जोखीम तर निर्विवादच होती.

८. भारतीय संदर्भ

मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी याच शहरात स्थापन केली. तंबाखू ओढणे व चघळणे यांचा अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध डॉ. दा. ज. जस्सावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी मुंबईतील रुग्णांच्या अभ्यासातून मांडला. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या 'ॲड-ॲस्पिरिन' या यादृच्छिक चाचणीत टाटा मेमोरियल केंद्राच्या समन्वयाने भारतातील रुग्णालयेही सहभागी झाली. उपचार पूर्ण झालेल्या स्तन, आतडे, प्रोस्टेट तसेच अन्ननलिका व जठर यांच्या कर्करोगाच्या रुग्णांत ॲस्पिरिनच्या १०० व ३०० मिलिग्रॅम मात्रांची औषधविरहित गोळीशी तुलना करणे, अशी तिची रचना आहे. ॲस्पिरिनविषयीचा पुरावा भारतीय रुग्णांकडूनही मिळावा, या दृष्टीने हा सहभाग महत्त्वाचा होय.

मात्र दोन मर्यादा दृष्टिआड करता येत नाहीत. पहिली अशी की, वर उल्लेखिलेल्या पाश्चात्त्य अभ्यासांचा भर ॲडिनोकार्सिनोमावर आहे आणि लाभाचे जे काही पुरावे मिळाले तेही प्रामुख्याने त्याच प्रकारात मिळाले. भारतातील बहुसंख्य रुग्णांचा रोग स्क्वॅमस प्रकारचा आहे. दुसरी मर्यादा नोंदींची आहे. ब्रिटन व स्वीडनमध्ये कोणत्या व्यक्तीला कोणते औषध कोणत्या दिवशी मिळाले, याची नोंद राहते. स्वीडनची राष्ट्रीय औषधनोंद २००५ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे कर्करोगाची नोंद आहे, औषधांची मात्र नाही. आम्लपित्ताच्या व वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीशिवायही दुकानातून घेतल्या जातात. त्यांचा मागमूस कोणत्याही वहीत उरत नाही. जी नोंदच नाही, तिच्यावरून चुकीचा निष्कर्षही निघत नाही व बरोबरही निघत नाही.

चिठ्ठीशिवाय घेतलेल्या आम्लरोधक गोळीचा आणखी एक धोका सिमेटिडीनच्या इतिहासातून स्पष्ट होतो. गोळीने जळजळ थांबते. परंतु जळजळ हे कशाचे लक्षण होते, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. गिळताना अडथळा येणे, वजन घटणे ही लक्षणे असताना केवळ आम्लपित्ताच्या गोळीवर महिने काढणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत औषधाचा रासायनिक परिणाम दुय्यम ठरतो. निदानास झालेला विलंबच निर्णायक ठरतो.

निष्कर्ष :

१) अन्य व्याधींवरील कोणतेही औषध अन्ननलिकेच्या कर्करोगावर गुणकारी असल्याचे यादृच्छिक चाचण्यांतून अद्याप निःसंशय सिद्ध झालेले नाही. ॲस्पिरिन व आम्लरोधक यांच्या एकत्रित वापराचा पुरावा बॅरेट अन्ननलिकेपुरता मर्यादित आहे.

२) पूर्वलक्षणजन्य अभिनती, औषध देण्याच्या कारणातच दडलेली जोखीम आणि अमर काल हे तीन दोष या विषयातील बहुतेक परस्परविरोधी निष्कर्षांच्या मुळाशी आहेत. या दोषांची ओळख हीच या चार दशकांतील संशोधनाची सर्वांत टिकाऊ फलश्रुती होय.

३) एकाच नोंदसंग्रहातून भिन्न उत्तरे निघू शकतात. म्हणून एखाद्या अभ्यासाचा निष्कर्ष वाचताना रुग्णसंख्येइतकेच लक्ष तुलनेचा गट, पाठपुराव्याचा काल व कालगणनेचा आरंभबिंदू यांकडे देणे आवश्यक आहे. सांख्यिकी, समाजशास्त्र व इतिहास यांच्या अध्यापनातही ही उदाहरणे उपयुक्त ठरतील.

४) रुग्णाने वर्तमानपत्रातील एखाद्या बातमीवरून ॲस्पिरिन सुरू करणे किंवा हाडांची, हृदयाची अथवा मधुमेहाची गोळी बंद करणे या दोन्ही गोष्टी सारख्याच धोक्याच्या आहेत. ज्या व्याधीसाठी औषध दिले आहे, तीच ते चालू ठेवण्याची किंवा थांबविण्याची मुख्य कसोटी होय.

५) भारतात स्क्वॅमस प्रकारावर स्वतंत्र अभ्यास व औषधचिठ्ठ्यांची विश्वसनीय नोंद या दोन गोष्टींची निकड आहे. तोपर्यंत तंबाखू, सुपारी व मद्य यांचा त्याग आणि गिळण्यातील अडथळ्याची वेळेवर तपासणी हेच या रोगाविरुद्धचे खात्रीचे उपाय राहतात. त्यांसाठी कोणत्याही गोळीच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.